माझं एकच आहे हो!

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी किराणा दुकानात जाऊ नये. हे मला ठाऊक आहे आणि बायकोलाही ठाऊक आहे. म्हणूनच ती मला पाठवते.

आमचं दुकान डोंबिवलीतल्या चार दुकानांसारखंच. पुढे काउंटर, त्यावर चिक्की नि आवळा सुपारीच्या बरण्या, वर शांपूच्या पुड्यांची तोरणं आणि त्या तोरणांतून डोकावणारे शेठ. आत किती जागा आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण गिऱ्हाइकाने उभं राहायचं ते रस्त्यावर, रिक्षा चुकवत. रांग नसते. मागे एका निवृत्त गृहस्थांनी "रांग लावा" अशी सूचना केली होती. लोकांनी ती आनंदाने मान्य केली आणि त्यांना शेवटी उभं केलं.

नंबर लागतो तो आवाजावर. आणि आवाजापेक्षाही मोठं अस्त्र म्हणजे "माझं एकच आहे हो!" हे म्हणत एक बाई माझ्या काखेखालून पुढे सरकल्या. एकच होतं खरं, मिठाचा पुडा. तो हातात पडल्यावर त्यांना अगरबत्ती आठवली. अगरबत्तीवरून कापूर. कापरावरून, का कोण जाणे, भांडी घासायचा साबण. मग "राजगिऱ्याचे लाडू ताजे आहेत का?" शेठनी ताजे म्हटल्यावर "कालचे ना?" अशी उलटतपासणी झाली. पोऱ्या आकड्याची काठी घेऊन फळीवरचं पाकीट पाडतोय, बाई ते दाबून बघतायत, "दुसरं दाखव" म्हणतायत. एकाच वस्तूचं बिल चारशेच्या घरात गेलं. पिशवी त्यांनी आणलेली नव्हती. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, हे त्यांनीच शेठना ऐकवलं आणि मग हळूच, "असली तर द्या एखादी आतली."

उभ्या उभ्या माणूस विचार करायला लागतो. समोर साबुदाण्याचं पोतं होतं. हा ज्या कंदाचा करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे येतो बराचसा तमिळनाडूतल्या सेलमहून. खिचडीतले शेंगदाणे तिकडचेच. बटाटा तिकडचा. मिरचीसुद्धा तिकडची. राहता राहिलं तूप आणि जिरं. म्हणजे फराळ सगळा अमेरिकेचा आणि उपवास पंढरपूरचा! हे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा नंबर गेला."

"बोला काका!" शेठ माझ्यापेक्षा किमान दहा वर्षांनी मोठे आहेत. बायकोला ते वहिनी म्हणतात. या नात्यांचा हिशेब मी सोडून दिलाय.

"साबुदाणा एक किलो."

"मोठा का बारीक?"

मी मागे पाहिलं. सगळा महिलावर्ग माझ्या उत्तराकडे कान लावून उभा. "मध्यम," मी म्हणालो. एकजण हसली. "खिचडीला हवा ना? मग नायलॉन घेऊ नका हं, तो चिवड्याचा," दुसरीने बजावलं. तिसरीने किती तास भिजवायचा आणि पाणी किती ठेवायचं तेही सांगितलं. मी घरी फोन लावला.

"नेहमीचा," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

"नेहमीचा म्हणतेय," मी शेठना म्हणालो.

"मग आधी बोला ना!" शेठनी न बघता पोत्यात माप घातलं. माझ्या घरात नेहमीचं काय ते शेठना पाठ. मला नाही. कुठला चहा, कुठलं तेल, पापड कधी संपतात, सासूबाई आल्या की साखर किती वाढते, सगळं.

सदुसष्ट रुपये झाले. मी मोबाईल काढून कोड स्कॅन केला. चाक फिरायला लागलं. काउंटरवरचा तो बोलणारा डबा गप्प. एरवी कुणी दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतो. आता सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी खोटंच बोट फिरवलं असावं. शेवटी मी पन्नासची नोट आणि दहाची दोन नाणी पुढे केली.

शेठनी नाणी उलटीपालटी केली. "दहाचं चालत नाही."

"अहो, चौदाही प्रकारची नाणी चालतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय."

"मग रिझर्व्ह बँकेतनं साबुदाणा घ्या," मागून आवाज आला. हा आवाज मिठाच्या पुड्याचा होता. बाई अजून गेल्या नव्हत्या!

गर्दी वाढली होती म्हणून नाणी घेतली गेली. तीन रुपये परत यायचे होते. "सुट्टे नाहीत," म्हणत शेठनी बरणीत हात घालून तीन चॉकलेटं ठेवली. मला मधुमेह आहे, हेही शेठना माहीत आहे. मी ती शेजारच्या पोराला देऊन टाकली. पोराने तिन्ही एकदम तोंडात टाकली, आणि नेमका तेव्हाच डबा गरजला: "सदुसष्ट रुपये प्राप्त झाले!"

आता पैसे दोनदा गेले. शेठ प्रामाणिक माणूस. लगेच पन्नासची नोट परत केली, दहाचं एक नाणं अगदी आनंदाने परत केलं, गल्ल्यातून पाचाचं शोधलं आणि उरलेल्या दोन रुपयांची आणखी दोन चॉकलेटं दिली. तीन तर पोराच्या पोटात होती, तक्रार कशाची करणार? हिशेब बिनचूक होता. फक्त मी साबुदाण्याला आलो होतो आणि रोखीने पाच चॉकलेटं घेतली होती.

आता आलोच आहोत तर जरा कर्तृत्व दाखवावं म्हणून मी म्हटलं, "शेंगदाणे पण द्या अर्धा किलो. आणि भगर."

"ते कशाला?" शेठ म्हणाले. "वहिनींनी दुपारीच यादी पाठवली व्हॉट्सॲपवर. पोऱ्या सगळं घरी टाकून आला."

"सगळं? मग साबुदाणा?"

"तो नका पाठवू म्हणाल्या. हे येतील म्हणे घ्यायला, तेवढंच घरातनं बाहेर पडतील."