शेला उलटा करून बघा

मागच्या महिन्यात भाच्याचं लग्न झालं. नवरदेवाचा शेला आत्याने आणायचा असं घरात ठरलं, म्हणून मी हौसेने एका दुकानातून 'हातमागावरचा पैठणी शेला' घेतला. साडेचार हजार रुपये. पोपटी रंग, काठाला नारळी नक्षी, दोन्ही टोकांना बांगडी मोर, म्हणजे गोलात बसवलेले मोर. लग्नाच्या आदल्या रात्री इस्त्रीसाठी बाहेर काढला, तर शेजारी मेथी निवडत बसलेल्या आईने हात पुसले, शेला घेतला आणि सरळ उलटा केला. मग काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

मोराच्या पाठीमागे कातरलेल्या धाग्यांची दाढी होती. बोट फिरवलं की अडकत होतं.

ज्यांना यात काय बिघडलं ते कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नीट कळलं ते येवल्याला एका विणकराच्या घरी दोन तास बसल्यावर. अस्सल पैठणीच्या पदरावरचा मोर कापडावर 'काढलेला' नसतो. तो कापडासोबतच विणला जातो. मोराची मान निळी, पंख हिरवे, चोच लाल, तर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक काडी. विणकर ती बोटांनी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, मोजक्या धाग्यांतून नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. एका ओळीत रंग बदलतील तेवढ्या तिल्ल्या. म्हणून मागे धागा लोंबायला जागाच नसते, मोर उलट-सुलट सारखाच दिसतो. त्या दादांनी सकाळपासून विणलेला पदर मला दाखवला. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा जास्त होता.

जॅकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, हे काम वेगळं चालतं. नक्षीचा जादा धागा जिथे वर दिसायला नको तिथे पाठीमागून जातो आणि विणून झाल्यावर तो मोकळा धागा कातरतात. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे आपण फार घाई करतो. पाठीमागे कातरलेले धागे दिसले म्हणजे माल यंत्रमागाचाच असं नव्हे. हातमागावरही जॅकार्ड बसवतात, आणि तो शेला विणणाऱ्यानेही दिवसभर पायाने मागाच्या पावड्या दाबलेल्या असतात. तेही हाताचंच काम आहे, फक्त तिल्लीच्या मोराचं नाही. किंमत त्याप्रमाणे असावी आणि नाव त्याप्रमाणे सांगावं, एवढंच.

माझा शेला मात्र हातमागाचाही नव्हता. लग्नानंतर दुकानात गेले. मालक शांतपणे म्हणाले, "ताई, सिल्क मार्क आहे की त्याच्यावर!" होता. आणि खराही होता, सूत रेशमाचंच होतं. पण २००४ साली सुरू झालेला हा सिल्क मार्क फक्त धागा अस्सल रेशमाचा आहे एवढंच सांगतो. तो माणसाने विणला की मोटरने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, २००६ पासूनचा. एक लेबल दाखवून दुसऱ्याचं उत्तर द्यायचं ही मोठी सोयीस्कर युक्ती आहे. शब्दाला शब्द खोटा नाही आणि गिऱ्हाईक फसलेलं.

कायदाही आहे बरं का. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा. सुरुवातीला २२ प्रकारचं कापड हातमागासाठी राखीव होतं, आता ११ प्रकार उरलेत. ठरावीक प्रकारच्या साड्या त्यात आहेत, शाली आणि मफलरही आहेत. हे मी दुकानात सांगितलं तेव्हा मालकांनी माझ्यासाठी चहा मागवला.

साडी घेताना आपण चार बायका मिळून जातो, पदर उलगडतो, उन्हात धरतो. शेला, उपरणं, ओढणी, स्टोल म्हटलं की त्याच आपण डबा पाहून उचलतो. छोटी वस्तू, द्यायला-घ्यायलाच तर हवी! म्हणून फसवणुकीला ही जागा सगळ्यात सोपी. खरं तर शेला ही आपल्याकडे कधी दुय्यम वस्तू नव्हती. थोरल्या माधवराव पेशव्यांनी असावली, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीचे, दुपट्टे मागवले होते, तेही रंग नावानिशी सांगून: लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. तेव्हा पेशवे ऐन तारुण्यात होते! राज्याचा एवढा पसारा सांभाळणाऱ्या माणसाला डाळिंबी आणि गुलाबी यांतला फरक महत्त्वाचा वाटत होता. मानाला 'शेलापागोटं' म्हणणारी माणसं आपण. आज सत्कारात जी शाल मिळते ती कपाटातून पुढच्या सत्काराला जाते. आमच्याकडे अशा सात आहेत. एकीची घडी अजून मोडलेली नाही.

भरतकामाचंही तेच. मागे एका प्रदर्शनात टसर रेशमावरचा कांथा स्टोल घेतला होता, तो बाहेर काढून उलटा केला. मागेही तेच टाके, जवळजवळ तेच चित्र, मध्येच एखादी बारीक गाठ, एक पाकळी दुसरीपेक्षा जाडी. हायसं वाटलं. यंत्राच्या भरतकामाला खाली दुसरा दोरा लागतो, तो बहुधा पांढरा दिसतो, आणि कधी कधी आत कडक कागदही राहिलेला असतो. कांथा म्हणजे मुळात धावदोरा, आपल्या गोधडीचाच. बंगालमध्येही जुन्या साड्या-धोतरं एकावर एक ठेवून, साडीच्या काठातलाच दोरा ओढून ते शिवायचे. माझ्या आजीने अशा किती वाकळा शिवल्या. त्या आम्ही प्रवासात अंथरायला नेल्या आणि हरवल्या. त्याबद्दल मी कोणाला दोष देऊ?

मला यंत्राचा राग नाही. रोज अंगावर यंत्राचंच कापड असतं, आणि बाराशे रुपयांत सुंदर दिसणारा शेला कोणाला हवा असेल तर त्यात लाज कसली? दुकानदाराने फक्त तो यंत्रमागाचा आहे असं सांगावं. पण आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्याला हातमागाचं नाव हवं असतं आणि यंत्रमागाचा भाव. येवल्याच्या त्या घरात, तो अंगठ्याएवढा पदर पाहिल्यानंतर, माझ्याच तोंडून निघालं, "काही कमी होईल का?" दादा हसले. वहिनींनी मात्र पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला.

भाच्याने लग्नात तोच साडेचार हजारांचा शेला घेतला. रात्री अकरा वाजता दुसरा कुठून आणणार? फोटोत छान दिसतो. गाठही नीट बसली.

येवल्याला मी एक साधा एकधोटी, म्हणजे एकाच धोट्याने विणलेला, शेला सांगितला आहे. मोर नाही, बुट्ट्या नाहीत, फक्त नारळी काठ, कारण माझ्या पैशांत तिल्लीचा मोर बसत नव्हता. रंग डाळिंबी. परवा दादांचा फोन आला. पावसाने मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात ओल आली आहे, आठ-दहा दिवस उशीर होईल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ दे सावकाश. आला की आधी मला दे."