व्हीगन खाणं परवडतं हो, पण वाल कोण सोलणार?

कोकणात राहून मी व्हीगन झालोय, म्हणजे मासे, अंडी, दूध, तूप सगळं सोडलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मगे खातंस काय? पालो?" थोडे शहाणे असतात ते दुसरा विचारतात: "परवडतं कसं रे तुला? बदामाचं दूध केवढ्याला मिळतं!"

पहिल्याचं उत्तर, हो, पालो खातो. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते. दुसऱ्यासाठी ही लांबलचक पोस्ट.

बदामाचं दूध मी घेत नाही. टोफू, व्हीगन चीज, खोटं चिकन यातलंही काही नाही. कुडाळात भाड्याच्या खोलीत राहतो, पगार बेताचा, आणि वीस तारीख उलटली की किराणा दुकानात मी पण इतरांसारखाच आधी भाव विचारतो. व्हीगन म्हणजे श्रीमंतांचं खूळ हा समज त्या पाकिटांमुळे झालाय. दुधाऐवजी दुधासारखं आणि मटणाऐवजी मटणासारखं काहीतरी शोधायला गेलात तर खिसा रिकामा होणारच. आपल्याकडे तसं शोधायची गरज नाही, कारण आपल्या स्वयंपाकात कुळीथ आहे.

कुळथाचा हिशोब एकदा मांडूनच टाकतो. आमच्या बाजारात गावठी कुळीथ किलोला दीडशेच्या आसपास. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे १५ रुपयांत २२ ग्रॅम. त्याच १५ रुपयांत पिशवीचं दूध येतं पाव लिटर, त्यात प्रथिनं आठेक ग्रॅम. आता कुणी म्हणेल, कुळथाचं प्रथिन दुधाइतकं अंगी लागत नाही. बरोबर आहे, एकट्याचं नाही लागत. डाळी-कडधान्यांत जे कमी असतं ते तांदळात असतं, आणि तांदळात जे कमी ते कडधान्यात. पिठी (कुळथाच्या पिठाचं पिठलं) आणि भात हे जेवण आज्ज्यांनी काही पोषणशास्त्र वाचून केलेलं नव्हतं, पण जोडी नेमकी जुळलेली आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दिवसभरात १०० ग्रॅम कडधान्य, पाव किलो तांदूळ, नाचणीच्या दोन भाकऱ्या आणि मूठभर शेंगदाणे पोटात गेले की आकडा गाठला. त्यात कुठेही डबा उघडून चमच्याने मोजायची पावडर नाही. महिनाअखेरीला मी सोयाबीनच्या वड्या आणतो, त्या आपल्या मातीतल्या नाहीत आणि खरं सांगायचं तर मला आवडतही नाहीत. पण १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं देणारी इतकी स्वस्त दुसरी वस्तू दुकानात नाही. मालवणी मसाला आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण पडलं की निभतं.

नाचणीचं वेगळंच दुखणं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आमच्या नाचणीला अचानक प्रतिष्ठा आली. सरकारी हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नाससुद्धा नव्हते. तीच नाचणी बिस्किटं होऊन छान पाकिटात बसली की मला परवडत नाही. तेव्हा नाचणी घ्यायची ती दाणे किंवा पीठ म्हणूनच. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. सगळंच्या सगळं शरीर घेत नाही, पण नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की जास्त मिळतं. आमच्याकडे बाळांना नाचणीचं सत्त्व देतात ते उगाच नाही. मोठ्यांनी का सोडलं ते मला कळलेलं नाही.

नारळाबद्दल मात्र आपण सगळे स्वतःची समजूत घालत असतो. नारळाचं दूध हे गाईच्या दुधाला पर्याय आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. चवीला असेल. प्रथिनं आणि कॅल्शियम या दोन्ही बाबतीत ते फारसं कामाचं नाही, त्यात मुख्यतः स्निग्धांश. त्यात नारळाच्या भावाने हल्ली डोळे पांढरे केलेत. मी सोलकढी आता सणासुदीलाच करतो. एरवी फुटी कढी: कोकमाचं आगळ, पाणी, लसूण, मिरची, कोथिंबीर, झालं. काळ्या वाटाण्याच्या सांबारात वाटण निम्मं केलं तरी कुणाच्या बापाला कळत नाही, कांदा नीट भाजला की पुरे.

भाजीचंही तसंच. फ्लॉवर, टोमॅटो, सिमला मिरची हे सगळं घाटावरून येतं, आणि पावसात घाटात दरड आली की भाव लगेच वर. त्याच दिवसांत इथल्या आठवडा बाजारात बायका टाकळ्याच्या, फोडशीच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. टाकळ्यात फणसाच्या आठळ्या घातल्या की मला दुसरं काही लागत नाही. गोकुळाष्टमीचं आमचं जेवण आठवा: आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी. आंबवलेलं धान्य, कडधान्य, लोह-कॅल्शियमवाला पाला. वर दही-तूप घेतलं नाही तर हे ताट पूर्ण व्हीगन आहे, आणि व्हीगन हा शब्द ऐकून नाक मुरडणारेच ते बोटं चाटत खातात! ऋषिपंचमीला तर आपण बैलाच्या कष्टाचंही खात नाही. तिथे आम्ही व्हीगन लोकही मागे पडतो.

पण म्हणून "आपले पूर्वज व्हीगनच होते" असले मेसेज मला पाठवू नका. नव्हते. पावसाळ्यात मासेमारी बंद असली तरी फडताळात सुकट, सोडे, बांगडा भरलेला असायचा. पिठीबरोबर सुका बांगडा भाजूनच घेत. आणि त्या मासळीतून त्यांना दोन गोष्टी मिळत होत्या, ज्या मला कुळथातून मिळत नाहीत.

एक म्हणजे बी१२ जीवनसत्त्व. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. आंबोळी कितीही आंबवा, मोड कितीही लांब आणा, नाही म्हणजे नाही. गोळी घ्यावी लागते. डॉक्टरला विचारून मात्रा ठरवायची आणि जेनेरिक औषधांच्या दुकानातून आणायची, महिन्याच्या बजेटला त्याने खरचटतसुद्धा नाही. "नैसर्गिक आहार असेल तर गोळी कशाला" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हातापायांना मुंग्या यायला लागल्यावर येतील ते आपोआप.

दुसरं आयोडीन. हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. शिरोड्याच्या मिठागरांचा मला अभिमान आहे, १९३० चा सत्याग्रह तिथे झालाय, आणि लोणच्याला खडे मीठच हवं. पण समुद्राचं मीठ म्हणून त्यात पुरेसं आयोडीन असतं असं नाही. मासे खाणाऱ्याला ते माशांतून मिळतं. मासे सोडले आणि वर रोजच्या जेवणातही खडे मीठ, तर आयोडीन येणार कुठून? आयोडीनयुक्त मिठाची पुडी घ्या.

लोहाचं सोपं आहे: उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. दुसरं जमणं अवघड आहे, माहितीये.

आता खरा खर्च. पैशांचा नाही, हातांचा. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, कारण कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवायचं काम कुणीतरी मे महिन्यात केलेलं असतं. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. आठळ्या सोलायच्या. शेवग्याचा पाला खुडायचा, टाकळा निवडायचा, आंबोळीचं वाटायचं. स्वस्त आणि पौष्टिक या दोन शब्दांमध्ये दर घरात एक बाई वाकून बसलेली आहे आणि तिच्या वेळेचा भाव कुठल्याच हिशोबात धरलेला नाही, वर मी मांडलेल्यातही नाही. मी एकटा राहतो, माझं मी करतो, म्हणून मला दोन घटका वाल सोलण्याची किंमत माहीत आहे. एस्टीने येऊन-जाऊन कामाला जाणाऱ्या, घरी दोन पोरं असलेल्या बाईला "पारंपरिक खा गं, स्वस्त पडतं" असं सांगायची माझी हिंमत नाही. तिच्यासाठी सोयाबीनच्या वड्या, मसूर आणि शेंगदाण्याची चटणी, यात काही कमीपणा नाही. मसूर भिजवायलासुद्धा लागत नाही. आणि परसात शेवगा, फणस असणं हीसुद्धा श्रीमंतीच आहे, डोंबिवलीच्या खोलीत राहणाऱ्या चाकरमान्याला तो पाला विकतच घ्यायचा आहे.

माझा एक मित्र नुकताच व्हीगन झालाय. उत्साह दांडगा. घरी आता दोन स्वयंपाक होतात, एक घरच्यांचा आणि एक याचा, आणि दोन्ही त्याची आईच करते. हा जेवणाच्या ताटाचा फोटो टाकतो. परवा त्याने मला विचारलं, अजून काय करता येईल? म्हटलं, संध्याकाळी टीव्हीसमोर बसतोस ना, तेव्हा मांडीवर वालाचं ताट घे.