बिगर इंजिननं इमान

सकाळपासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय ते बघून डोकं फिरलंय. तिथे लिहिलं तर भांडण होईल म्हणून इथे लिहितोय. इथेही होईल, होऊ दे.

भाची जर्मनीत एमएस करतेय. विद्यापीठाच्या ग्लायडिंग क्लबात, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकवतात तिथे, जायला लागली आणि काल कॉकपिटमध्ये बसल्याचा फोटो टाकला. झालं! दाजींचा मेसेज, "यासाठी कर्ज काढून पाठवलं का?" कुणीतरी लगेच अहमदाबादच्या विमान अपघाताचा व्हिडिओ टाकला. आणि आई फोनवर, "बिगर इंजिननं इमान? पडी जाई ना व माय!"

आईचं सोडा. पण इंजिनिअर झालेले, महिन्यातून दोनदा बंगलोरला उडणारे लोकही हेच बोलतात? इंजिन नाही म्हणजे दगडासारखं पडणार? भो, मे महिन्यात जरा वर बघा. तापलेल्या काळ्या रानावरून गरम हवा उठते आणि घारी पंखही न हलवता तिच्यावर चढत जातात. ग्लायडर तेच करतं. आणि खालून हवा मिळालीच नाही, तरी आजचं चांगलं ग्लायडर 1 किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, 40 किलोमीटर पुढे जातं. म्हणजे जळगाववरून सोडलं तर भुसावळ मागे टाकेल.

मी कॉलेजात असताना पुण्याला, हडपसरच्या मैदानावर, ग्लायडरमध्ये बसलोय. म्हणून बोलतोय. मागच्या सीटवर इन्स्ट्रक्टर. विंचची, म्हणजे ग्लायडरला जमिनीवरून ओढून वर चढवणाऱ्या यंत्राची, केबल लावली, एकाने पंखाचं टोक धरलं, आणि वर जायच्या आधीच सरांनी विचारलं, "केबल तुटली तर काय करायचं?" मी गप्प. त्यांनीच सांगितलं, "आधी नाक खाली. वेग सांभाळायचा. बाकी विचार नंतर."

वर जाण्याआधी! आपल्याकडे एसटीत बसताना ब्रेक फेल झाला तर काय, असं कुणी विचारलं तर त्याला अपशकुनी म्हणून खाली उतरवतील.

हाच फरक मला सांगायचाय. ग्लायडरवाला निघतो तेच ताकद जाणार हे धरून. केबल सुटली की पुढचा सगळा हिशोब उंचीचा. 1983 साली कॅनडात एका बोइंग 767 चं इंधन 41,000 फुटांवर संपलं. इंधन भरताना किलो आणि पौंडाचा घोळ झाला होता. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन पिअरसन ग्लायडर उडवणारा माणूस, म्हणून गिमली नावाच्या जुन्या हवाईतळावर ते धूड उतरवलं. कुणीही दगावलं नाही. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरवून 155 जणांना वाचवणारा सलेनबर्गर, तोही ग्लायडिंग केलेला. आमच्या ग्रुपवर मात्र ग्लायडर म्हणजे जीव द्यायची सोय.

बरं, आता दुसरी बाजू. एका मित्राने खाली कमेंट करायच्या आधीच फोन करून सांगितलं, "अरे, ग्लायडिंग सगळ्यात सेफ. धोका फक्त मैदानापर्यंत गाडी चालवण्यात." हेही खोटं. जर्मनीचाच विश्वविजेता ब्रुनो गॅन्टेनब्रिंक याने हे वाक्य साफ खोडून काढलं होतं, कारण त्याचे कितीतरी ओळखीचे ग्लायडरवाले ग्लायडिंगमध्येच गेले. प्रवासी विमानाशी ग्लायडरची बरोबरी नाहीच, तिथे ग्लायडर हरतं. उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येत नाही, हे मान्य. पण बरोबरी करायची तर लहान विमानांशी करा, पॅराग्लायडिंगशी करा. पॅराग्लायडरचा पंख कापडाचा, खराब हवेत जमिनीजवळ मिटला तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यासाठी हिमाचलात बीरला जाऊन आपली पोरं रील काढतात, कुणी काही बोलत नाही!

ग्लायडरमध्ये माणसं कशाने जातात? हवेत दुसऱ्या ग्लायडरला धडकून. उतरताना शेवटच्या वळणावर वेग कमी पडून. परतायला उशीर केला म्हणून. इंजिन नाही म्हणून क्वचितच. "अजून थोडं जाऊ" म्हणून.

हडपसरला मीही हेच म्हणालो होतो. वर मस्त हवा होती, म्हटलं, सर, अजून एक चक्कर. सर म्हणाले, "नाही." कारण सांगितलं नाही, वळवलं आणि उतरवलं. तेव्हा राग आला होता. आज भाचीच्या मागच्या सीटवर असाच एखादा खडूस माणूस असावा असं वाटतं.

दुपारी ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोन आला. ती भांडली नाही, काही बोललीच नाही खरं तर. ताईचं सासर चोपड्याचं. 2021 च्या जुलैमध्ये तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिकाऊ विमान कोसळलं होतं. इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी. रस्ता नव्हता, आदिवासी वस्तीतल्या लोकांनी तिला झोळीत घालून बाहेर आणलं. ताईच्या डोळ्यांसमोर तीच मुलगी आहे. त्या विमानाला इंजिन होतं, हे मी तिला फोनवर म्हणालो नाही. आईला असलं काय सांगायचं.

पण दाजी, तुम्हाला सांगतो. जर्मनीत 14 वर्षांची पोरं, शिकून, एकटी ग्लायडर उडवतात. पाठीला पॅराशूट बांधून बसतात. तुमच्या चिरंजीवांना बारावी झाल्याबरोबर बुलेट घेऊन दिलीत. पोरगा रात्री अकराला, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे दोघं, जळगाव-भुसावळ हायवेवर. त्या हायवेवर आपल्या ओळखीतली किती घरं उजाड झाली ते मी इथे मोजत बसत नाही, तुम्हाला माहीत आहेत. त्याला कुणी विचारलं का, पुढे ट्रक वळला तर काय करशील? तो मुलगा, म्हणून त्याची हौस. ही मुलगी, म्हणून तिचा जीव धोक्यात. ग्रुपवर एकालाही हे दिसू नये?

भाचीला मी वेगळा मेसेज केलाय. तिचं पहिलं उत्तर आलं, "मामा, आज केबल ब्रेकची प्रॅक्टिस होती. सरांनी मुद्दाम मध्येच केबल सोडली."

"मग?"

"नाक खाली."

स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतोय. कुणाला मला ग्रुपमधून काढायचं असेल तर काढा, ॲडमिन दाजीच आहेत.