ओटीपी अण्णांकडे आहे

आमच्या वाचनालयाचं संगणकीकरण सध्या दुसऱ्यांदा चाललंय. पहिल्या खेपेला रीतसर नारळ फुटला होता. सुट्टीत गावी आलेल्या एका होतकरू मुलाने सगळ्या कपाटांची यादी टाइप केली, पेढे खाल्ले आणि नोकरी लागून बंगळुरूला गेला. त्याच्याबरोबर त्याचा फॉन्टही गेला. आता ती फाइल उघडली की डॉलर, टक्के आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसतात. वार्षिक अहवालात मात्र 'संगणकीकृत ग्रंथसूची' ही ओळ दरवर्षी न चुकता छापली जाते.

यंदा 'कोहा' आलं. हे सॉफ्टवेअर १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं. २००० साल उजाडलं की आपली जुनी प्रणाली मान टाकेल, या धास्तीपोटी. आता ते जगभर चालतं आणि फुकट आहे. मंडळाच्या सभेत माहिती देणाऱ्याने बरंच काही सांगितलं, पण 'फुकट' शब्द कानावर पडताच ठराव एकमताने मंजूर झाला आणि चहा आला.

मी देवघेवीच्या टेबलावर बसते. सरकारी कागदावर मी निर्गम सहायक, वाचकांच्या तोंडी 'पुस्तकवाल्या बाई'. आमचं प्रशिक्षण गुगल मीटवर झालं. एका मॉनिटरसमोर ग्रंथपाल, मी, लिपिक आणि शिपाईमामा असे आम्ही ग्रुप फोटोसारखे बसलो होतो. पलीकडून सर काही विचारायचे आणि मामा उभे राहून 'हो साहेब' म्हणायचे. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त सहभाग त्यांचाच होता.

सरांनी 'मार्क' शिकवलं. म्हणजे पुस्तकाची नोंद करायची आंतरराष्ट्रीय पद्धत. प्रत्येक गोष्टीला तीन आकडी क्रमांक. लेखक १००, पुस्तकाचं नाव २४५, आयएसबीएन म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक ०२०. नावाच्या रकान्याला आणखी एक प्रश्न जोडलेला असतो: क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची? इंग्रजीत 'द' सोडतात, तेव्हा पुढची मोकळी जागा धरून चार. मराठीत शून्य लिहा, सर म्हणाले. आमच्या धार्मिक विभागात अख्खं कपाट 'श्री'ने सुरू होतं. लिपिकबाईंनी विचारलं, श्री सोडायचा का? मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने शून्य लिहिलं.

आयएसबीएनची मजा वेगळीच. इंग्रजी पुस्तकाचा क्रमांक टाकला की परदेशातल्या कुठल्या तरी ग्रंथालयातून आख्खी नोंद आयती चालत येते. पाहताना डोळे भरून येतात. पण आमची निम्मी कपाटं १९७० साली आयएसबीएन जन्माला येण्याच्या आधीची. त्या पुस्तकांवर क्रमांक नाही. पहिल्या पानावर 'चि. सौ. कां. हिला लग्नानिमित्त सप्रेम भेट' एवढं मात्र असतं, आणि त्यासाठी मार्कमध्ये कुठला रकाना भरायचा हे सरांनाही पटकन सांगता आलं नाही.

आमचं दाखल रजिस्टर यापेक्षा समजूतदार. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत आणि शेवटी शेरा. सगळं वाचनालय त्या शेऱ्याच्या रकान्यात आहे. 'वाळवी.' 'पाने २१ ते ३६ नाहीत.' 'गहाळ.' आणि बऱ्याच ठिकाणी नुसतंच 'कार्यवाहांकडे.' कोहात 'हरवले' आहे, 'खराब' आहे. 'कार्यवाहांकडे' नाही.

मग टायपिंग. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन निराळे शब्द. लिपिकबाई एका पद्धतीने टाइप करतात, मी दुसऱ्या. त्यामुळे त्यांनी नोंदवलेलं पुस्तक मला सापडत नाही आणि मी नोंदवलेलं त्यांना. पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर पडलेलं असतं.

खरा कस मात्र सकाळी लागतो. आमच्याकडे वीज जाते. ती आली की सर्व्हर ओळख विसरतो आणि ओटीपी मागतो. खातं उघडताना 'संस्थेचा अधिकृत मोबाइल' असा रकाना होता, आणि संस्थेचा अधिकृत मोबाइल म्हणजे अध्यक्षांचा. अध्यक्ष अण्णा सकाळी डाळिंबाच्या बागेत असतात.

"अण्णा, नमस्कार. ओटीपी आला का?"

"आलाय ना. फवारणी चाललीय, थांबा जरा. हां, लिहा बाई. एकोणऐंशी..."

"अण्णा, सात नऊ की आठ नऊ?"

"एकोणऐंशी म्हटल्यावर आठ नऊ कसं असेल? त्याला एकोणनव्वद म्हणतात. गणिताला कोण होतं तुम्हाला?"

गणिताला कोण होतं ते सांगेपर्यंत मुदत संपते. दुसरा ओटीपी जातो. अण्णा पुन्हा पहिलाच वाचून दाखवतात, कारण मोबाइलवर तो वर आहे. खिडकीपाशी रांग वाढते. रांगेतले एक निवृत्त मास्तर आता घरूनच निघताना फोन करून विचारतात, "अण्णा बागेत आहेत की घरी?"

हे मास्तर म्हणजे आमच्या ओपॅकचे पहिले गिऱ्हाईक. ओपॅक म्हणजे वाचकांनी स्वतः पुस्तक शोधायचा कॉम्प्युटर. त्यांनी एक कादंबरी शोधली. पडद्यावर 'उपलब्ध'. कपाटात नाही. "तुमची यंत्रणा धादांत खोटं बोलते," असं त्यांनी मोठ्यांदा जाहीर केलं. पुस्तक ज्ञानकोशाच्या जाड खंडांमागे होतं. तिथे ते मास्तरांनीच आदल्या आठवड्यात लपवलं होतं, दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून. तिथे धूळ पुसायला सुद्धा कोणी हात घालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. रजिस्टरच्या जमान्यात मी अशी पुस्तकं मुकाट्याने काढून द्यायची, तशी याही वेळी दिली. कोपऱ्यावरच्या काकू तर ओपॅककडे फिरकतच नाहीत. त्या म्हणतात, "ते हो, निळ्या कव्हरचं, ज्यात शेवटी सून सुधारते." चौथं कपाट, खालून दुसरा कप्पा. यात १०० नाही की २४५ नाही.

पुढे नोंदणीत प्रत्येक सभासदाचा ईमेल हवा झाला. आमच्या ज्येष्ठ वाचकांचे ईमेल त्यांच्या मुलांनी काढून दिलेले, आणि बहुतेकांनी देताना मुलाचाच दिला. कार्यवाहांनी न्यू जर्सीच्या चिरंजिवांचा दिला. मग आम्ही बाहेर असलेली सगळी पुस्तकं त्या त्या सभासदाच्या नावावर चढवली. कार्यवाहांच्या नावाची पानं वर सरकवताना माझं बोट दुखलं. त्यात एक पुस्तक असं होतं की ते नेलं तेव्हा चिरंजीव बालविभागात यायचे.

कोहाला माणसं ओळखू येत नाहीत. मुदत उलटलेल्या प्रत्येकाला त्याने रात्रीत स्मरणपत्र धाडलं, इंग्रजीत आणि दंडाच्या रकमेसह. न्यू जर्सीत तेव्हा टळटळीत दुपार. चिरंजिवांनी 'थकीत' अशा अर्थाचं काहीतरी वाचलं, आकडा पाहिला आणि भारतातल्या मध्यरात्री घरी फोन लावला. बाबा, कर्ज कशाला काढलंत? कोणाकडून? आईला माहीत आहे का? आईला माहीत नव्हतं. ती उठून बसली. पहाटेपर्यंत घरातली पासबुकं शोधणं चालू होतं.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी कार्यवाह पायरीवर हजर. हातात दोन पिशव्या पुस्तकं. डोळे लाल.

"बाई, तुमच्या त्या कोहाला सांगा, मी या संस्थेचा कार्यवाह आहे."

"साहेब, मंडळाचं नाव सांगायला त्यात जागाच नाही."

"मग करा."

सरांना फोन लावला. सर म्हणाले, अगदी सोपं आहे मॅडम. वाचकांचा नवा प्रकार तयार करा आणि त्याला परतीची एकच ठरावीक तारीख द्या, तशी सोय आहे. फक्त पुन्हा लॉगिन करावं लागेल. अण्णा त्या दिवशी नशिबाने घरी होते आणि आकडे सुटे सुटे बोलले.

आता आमच्याकडे साधारण, बाल, आजीव आणि मंडळ असे चार प्रकारचे सभासद आहेत. कार्यवाहांनी दोन्ही पिशव्या लगेच पुन्हा आपल्या नावावर चढवून घेतल्या. पावतीवर परतीची तारीख ३१ डिसेंबर २०९९ अशी स्वच्छ छापून आली. मागे रांगेत मास्तर उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्यवाहांच्या खांद्यावरून ती पावती नीट वाचली आणि खिडकीत वाकून हळूच विचारलं,

"बाई, या चौथ्या प्रकाराची वर्गणी किती?"