डग निकोल्सची गोष्ट सांगताना 1927 गाळू नका

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल या मुख्य लीगमध्ये दरवर्षी 'सर डग निकोल्स राउंड' या नावाने सामन्यांची एक फेरी असते. संघ मूलनिवासी चित्रकारांच्या नक्षीच्या जर्सी घालून उतरतात. निकोल्सची ओळख करून दिली जाते ती अशी: 1972 मध्ये 'सर' किताब मिळालेले पहिले मूलनिवासी, 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर. सगळं खरं. पण एवढंच सांगितलं की मला संताप येतो.

जन्म 1906 चा, मरे नदीकाठच्या कमेरागंजा वस्तीतला. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी बहिणीला जबरदस्तीने उचलून नेलं. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पायात विलक्षण वेग. 1927 मध्ये मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडे ते नशीब अजमावायला गेले. तिथे सहकारी खेळाडू म्हणाले, याच्या अंगाला वास येतो. मालिश करणाऱ्याने त्यांच्या अंगाला हात लावायला नकार दिला. खेळात खोट काढता येईना, म्हणून अंगात काढली!

मग ते नॉर्थकोट क्लबकडून खेळले आणि 1932 मध्ये फिट्झरॉय क्लबमध्ये आले. तिथेही कपडे बदलायच्या खोलीत ते एकटेच एका कोपऱ्यात बसत. हेडन बन्टन, म्हणजे त्या काळचा लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू, उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला. बन्टनचं कौतुक व्हायलाच हवं. पण एक माणूस शेजारी बसला याची आठवण इतकी वर्षं सांगावी लागते, यावरून बाकीच्यांचं काय चाललं होतं ते कळतं. निकोल्स फिट्झरॉयकडून 54 सामने खेळले, 1935 मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघातही निवडले गेले. गुडघ्याने साथ सोडली, तेव्हा पाद्री होऊन मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातल्या गल्ल्यांमधल्या आपल्याच लोकांसाठी राबले.

आणि हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणू नये. दोनदा ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलेल्या मूलनिवासी खेळाडू ॲडम गुड्सची 2015 मध्ये मैदानामागून मैदान हुर्यो उडवली गेली. त्याच वर्षी त्याने खेळ सोडला. राउंडला निकोल्सचं नाव मिळालं ते पुढच्या वर्षी, 2016 मध्ये.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: राउंडच्या सामन्याआधी मोठ्या पडद्यावर गव्हर्नरांचा फोटो लावाल, तेव्हा 1927 मध्ये कार्लटनमध्ये झालेला तो अपमानही क्लबचं नाव घेऊन सांगा. कार्लटनचा सामना असेल, तर आधी सांगा.