यूएसबीला जीपीएस लावलं म्हणून नॅनोसेकंद मिळत नाहीत

स्वतःच्या नेटवर्कसाठी उपग्रहांवरून वेळ घेणारा टाइम सर्व्हर, म्हणजे बाकीच्या यंत्रांना वेळ पुरवणारा संगणक, उभा करा, असं सांगणारा एक मजकूर बऱ्याच ठिकाणी फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच असतो: स्वस्तातलं यूएसबी जीपीएस मॉड्यूल आणा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडा, खिडकीत ठेवा. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात, त्यामुळे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला नॅनोसेकंदापर्यंत अचूक वेळ मिळेल. तुम्ही स्ट्रॅटम १ (मूळ घड्याळाला थेट जोडलेला सर्व्हर) झालात, आता इंटरनेटवरचे एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हर काढून टाका, कारण उपग्रह चुकत नाहीत. लॉगिन, लॉग, कॅमेरे यांना हीच वेळ लागते.

असा सर्व्हर उभा करणं हे चांगलं काम आहे आणि आता फार खर्चाचंही राहिलेलं नाही. म्हणूनच हा मजकूर जास्त खटकतो. त्याच्यावर विसंबून केलेला सर्व्हर इंटरनेटवरून फुकट मिळणाऱ्या वेळेपेक्षाही वाईट निघू शकतो, आणि ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. एकेक विधान घेऊ.

"यूएसबी मॉड्यूल जोडलं की झालं"

खरी मेख इथेच आहे. जीपीएस रिसीव्हर वेळ दोन वाटांनी देतो. एक वाट मजकुराची: एनएमईए नावाच्या ठरावीक साच्यातल्या ओळी. दुसरी वाट पीपीएसची: दर सेकंद सुरू होताना एका पिनवर उमटणारा विजेचा पल्स. फिरणाऱ्या मजकुरात दुसऱ्या वाटेचं नावही नसतं.

एनएमईएच्या ओळी ९,६०० बॉडने (सेकंदाला ९,६०० बिट) येतात असं धरा; बऱ्याच मॉड्यूलचा मूळ वेग तोच असतो. एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वेळ सांगणारं आरएमसी वाक्य साधारण ७० अक्षरांचं असतं. ते नुसतं तारेतून पार व्हायला ७० मिलिसेकंदांच्या वर लागतात. त्याआधी रिसीव्हर आपलं गणित उरकतो, तो वेळ वेगळा. शिवाय दिसणाऱ्या उपग्रहांची यादी देणारी जीएसव्ही वाक्यं असतात. उपग्रह जास्त दिसले की ही वाक्यं वाढतात, कमी दिसले की घटतात. वेळेचं वाक्य त्यांच्या मागे असेल, तर आकाशातले उपग्रह सरकतील तसं तेही पुढेमागे सरकतं. उशीर ठरलेला असता तर वजा करून टाकता आला असता. हा उशीर हलता आहे.

क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये सोर्सेसची (वेळेच्या स्रोतांची) यादी उघडली की हे स्पष्ट दिसतं. एनएमईएच्या ओळीतला फरक काही दशक मिलिसेकंदांनी झुलत असतो. पीपीएसच्या ओळीत तोच आकडा मायक्रोसेकंदांवर उतरलेला असतो. मॉड्यूल एकच, अँटेना एकच, उपग्रहही तेच.

बहुतेक स्वस्त यूएसबी मॉड्यूलमध्ये पीपीएसची पिन बाहेर काढलेलीच नसते. काहींमध्ये ती यूएसबी-सिरियल चिपच्या डीसीडी नावाच्या सिग्नल लाइनवर दिलेली असते, पण फुल स्पीड यूएसबीची फेरी दर मिलिसेकंदाला एकदा होते. पल्स कितीही नेमक्या क्षणी आला, तरी संगणकाला तो पुढच्या फेरीतच कळतो. म्हणून पीपीएसची पिन असलेलं मॉड्यूलच घ्या, ती पिन थेट जीपीआयओला (बोर्डावरच्या पिनांना) जोडा आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये पीपीएस चालू करा. क्रोनीत पीपीएसला मुख्य सोर्स करा आणि एनएमईएवर 'नोसिलेक्ट' लावा, म्हणजे त्याच्याकडून फक्त सेकंदाचा आकडा घेतला जाईल.

हा आकडा घ्यावाच लागतो, कारण पल्सला स्वतःचं नाव नसतं. सेकंद सुरू झाला एवढंच तो सांगतो, कोणता सेकंद ते सांगत नाही. एनएमईए अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा येत असेल आणि त्याची भरपाई सेटिंगमध्ये मांडलेली नसेल, तर पल्सला शेजारच्या सेकंदाचा आकडा चिकटू शकतो. मग सर्व्हर मायक्रोसेकंदांपर्यंत स्थिर दिसतो आणि बरोबर एक सेकंद चुकलेला असतो.

"प्रत्येक यंत्राला नॅनोसेकंदापर्यंत अचूक"

चांगल्या टायमिंग रिसीव्हरचा पल्स काही दशक नॅनोसेकंदांच्या आत असतो, हे मान्य. पण तो पल्स संगणकाच्या इंटरप्टपर्यंत (प्रोसेसरला दखल घ्यायला लावणाऱ्या इशाऱ्यापर्यंत) येईतो मायक्रोसेकंद खर्ची पडतात, आणि प्रोसेसर कामात असेल त्याप्रमाणे तो खर्च कमीजास्त होतो. हे झालं सर्व्हरपुरतं. पुढे नेटवर्क आहे.

एनटीपीत क्लायंट विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि चार वेळनोंदींवरून फरक काढला जातो. त्यात एक गृहीतक असतं: जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. जाताना पाकीट स्विचच्या रांगेत अडकून ४०० मायक्रोसेकंद लागले आणि येताना १००, तर चूक दोन्हींच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे १५० मायक्रोसेकंदांची होते. क्लायंटला ती कळण्याचा मार्ग नसतो. वायफायवर हा खेळ मिलिसेकंदांत जातो. नेटवर्कवर खरोखर नॅनोसेकंद हवे असतील तर पीटीपी ही जास्त नेमकी पद्धत लागते, म्हणजे आयईईई १५८८ हे मानक. त्यासाठी हार्डवेअरमध्येच वेळनोंद करणारी नेटवर्क कार्डं आणि पीटीपी समजणारे स्विच लागतात. यूएसबी मॉड्यूलच्या किमतीत हे बसत नाही.

एनटीपीच्या पाकिटात वेळ सेकंदाच्या २³² व्या भागापर्यंत लिहिता येते, म्हणजे साधारण २३३ पिकोसेकंद, असा पुरावा काही जण देतात. तो फक्त लिहिण्याचा बारकावा झाला. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असल्या म्हणून डोळ्यांनी अंदाजे घेतलेलं माप मिलिमीटरपर्यंत बरोबर ठरत नाही. आणि नॅनोसेकंदांचीच गोष्ट करायची असेल तर अँटेनाच्या केबलपासून करावी लागेल. कोअ‍ॅक्स केबलमध्ये दर मीटरला ४ ते ५ नॅनोसेकंद जातात. २० मीटर केबल म्हणजे ८० ते १०० नॅनोसेकंद. रिसीव्हरमध्ये ही भरपाई भरता येते, पण त्या मजकुरात केबलच्या लांबीचा उल्लेख कुठेच नसतो.

"स्ट्रॅटम १ म्हणजे सर्वोत्तम"

स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासून तुम्ही किती पायऱ्या दूर आहात, एवढंच. दर्जाचा त्यात संबंध नाही. नुसत्या एनएमईएवर चालणारा, शेकडो मिलिसेकंद चुकलेला सर्व्हरही स्वतःला स्ट्रॅटम १ म्हणवतो, आणि नीट जोडलेला स्ट्रॅटम २ त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला असतो.

"अँटेना खिडकीत चालतो"

हे पूर्ण खोटं नाही. एनटीपीपुरतं पाहिलं तर भिंतींवरून परावर्तित होऊन आलेल्या सिग्नलमुळे पडणारा फरक नेटवर्कच्या फरकापुढे नगण्य असतो. त्रास होतो तो सिग्नल तुटण्याचा. साध्या रिसीव्हरला जागा आणि वेळ दोन्ही काढायला चार उपग्रह लागतात, आणि अर्ध्या आकाशात ते नेहमी मिळत नाहीत. काचेवर धातूचा पातळ थर असेल तर सिग्नल आणखी क्षीण होतो. स्वतःची जागा एकदा पक्की करून ठेवणारा टायमिंग रिसीव्हर मात्र एका उपग्रहावरही वेळ धरून राहतो. गच्ची मिळत नसेल तर तसा रिसीव्हर घेणं शहाणपणाचं.

"उपग्रह चुकत नाहीत, इंटरनेटचे सर्व्हर काढून टाका"

सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांनी यूटीसीच्या (जगभर प्रमाण मानलेल्या वेळेच्या) दुरुस्तीची चुकीची माहिती प्रसारित केली. १३.७ मायक्रोसेकंदांची चूक होती, आणि दूरसंचार यंत्रणांमध्ये अलार्म वाजले. जुलै २०१९ मध्ये युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेची सेवा जवळपास आठवडाभर बंद होती.

उपग्रह बरोबर असले तरी खालची साखळी चुकते. जीपीएसचा जुना संदेश आठवड्याचा क्रमांक १० बिटांत सांगतो, त्यामुळे दर १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. त्या दिवशी तारीख बरोबर राहणं हे रिसीव्हरच्या फर्मवेअरवर अवलंबून असतं. लिनक्सवर जीपीएस वाचणाऱ्या जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांमध्ये तर २४ ऑक्टोबर २०२१ रोजी घड्याळ मार्च २००२ मध्ये नेणारी चूक होती. दुरुस्ती आधीच निघाली होती, पण ती ज्यांनी घेतली त्यांनाच उपयोगी पडली.

लीप सेकंदाचंही (यूटीसीत अधूनमधून वाढवल्या जाणाऱ्या सेकंदाचंही) तसंच. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून लीप सेकंदांशिवाय चालते आणि २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारी माहिती ज्या संदेशात येते, तो संपूर्ण ऐकायला १२.५ मिनिटं लागतात. कोरा रिसीव्हर सुरू होताच त्याआधी जी वेळ सांगतो, ती फर्मवेअरमध्ये जुना आकडा असेल तर सेकंदांनी चुकू शकते.

यातली सेकंदांची किंवा वर्षांची चूक सर्व्हरला एकट्याने पकडता येत नाही. तिची तुलना करायला शेजारी कुणी लागतं. दोन सोर्स असले तर कोण खोटं बोलतंय ते ठरत नाही, बहुमतासाठी किमान तीन लागतात. एनटीपी चालवण्याविषयीचा आरएफसी ८६३३ हा दस्तऐवज चार किंवा जास्त सोर्स ठेवायला सांगतो. म्हणून जीपीएस लावल्यावरही इंटरनेटवरचे तीन-चार सर्व्हर राहू द्या. त्यांचे मिलिसेकंद पीपीएसला सुधारणार नाहीत, पण एनएमईएने चिकटवलेला चुकीचा सेकंद ते त्याच दिवशी उघडा पाडतील.

सिग्नल गेल्यावर काय, हाही प्रश्न त्या मजकुरात नसतो. संगणकाच्या घड्याळातल्या क्रिस्टलची चाल एका पीपीएमने (दहा लाखांत एका भागाने) चुकली तरी दिवसाला ८६ मिलिसेकंद जमतात. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. वीज जाऊन आली की वेळ शून्यातून शोधावी लागते.

"लॉगिन, लॉग, कॅमेरे यांना हेच लागतं"

कर्बेरोस या लॉगिन पद्धतीत घड्याळांतला फरक सर्वसाधारणपणे ५ मिनिटांपर्यंत चालतो. मोबाइलवरचे सहा आकडी कोड ३० सेकंदांच्या खिडकीत चालतात. लॉग जुळवायला मिलिसेकंद पुरतात, आणि ते इंटरनेटवरूनही मिळतात. उपग्रहाचा सर्व्हर खरा लागतो तो इंटरनेटपासून तोडून ठेवलेल्या नेटवर्कला, किंवा वीजवाहिन्यांवर फेज मोजणाऱ्या यंत्रांसारख्या ठिकाणी, जिथे ५० हर्ट्‌झवर एका मायक्रोसेकंदाची चूक ०.०१८ अंश होते.

तुमची गरज यांपैकी असेल तर सर्व्हर जरूर उभा करा. पण त्याची परीक्षा सर्व्हरवर बसून घेऊ नका. तिथे पीपीएसची ओळ नेहमीच छान दिसते. नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर क्रोनी लावा, तुमच्या सर्व्हरबरोबर बाहेरचे तीन सर्व्हर जोडा, आठवडाभर नोंदी साठवा आणि कामाच्या ऐन गर्दीच्या तासांत फरक किती वाढतो ते बघा.