सुरेश किती?

परवा सर्व्हेवाली मुलगी आली तेव्हा शेजारचे काका आमच्याकडे पेपर वाचत बसले होते, तिथेच घोळ झाला. मला वाटलं वय विचारेल, उत्पन्न विचारेल, तर टॅबकडे बघत म्हणते, "सर, सुरेश नावाची किती माणसं ओळखता?"

मी ऐटीत म्हणालो, चार.

"ओळखता म्हणजे तुम्ही त्यांना, ते तुम्हाला, आणि गेल्या दोन वर्षांत काहीतरी संपर्क."

पेपर खाली आला. "मग चार कुठले रे? पहिला तर तुला सतीश म्हणतो."

"चेहऱ्याने ओळखतो ना पण!"

"दुसऱ्याने तुझा नंबर ब्लॉक केलाय. मला स्वतः म्हणाला."

"आणि तिसरा?"

"वारला की. तीन वर्षं झाली."

मला खरंच माहीत नव्हतं. मुलीने मान खाली घालून आकडा खोडला. चौथे सुरेश म्हणजे स्वतः काका. "राहू दे, मला धर," असं म्हणाले की जणू जामीनच राहतायत.

अशी सहा नावं झाली. माझी अकरा माणसं होती, काकांनी कापून तीन केली.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो हा काय प्रकार आहे. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंप झाला, किती माणसं गेली याचा धड आकडा लागेना, तेव्हा रसेल बर्नार्ड, पीटर किलवर्थ वगैरे संशोधक मंडळींनी सरळ लोकांना विचारायचं ठरवलं की तुमच्या ओळखीतलं कोण गेलं, आणि त्यावरून उलटा हिशेब. पण त्यासाठी आधी माणशी ओळखी किती ते हवं, आणि सगळ्यांची यादी करायला बसलं तर दिवस जाईल, म्हणून ज्या नावांची मोजणी आधीच दप्तरात आहे तीच विचारायची. शंभरात २ माणसं या सहा नावांची असतील आणि तुम्ही त्यातली ३ ओळखत असाल, तर एकूण ओळखी १५०. माझ्या अकराचे ५५० झाले असते! अमेरिकेत अशाच प्रश्नांवरून आधी माणशी सरासरी २९० निघाले, २०१० च्या सुधारित हिशेबात ६११. आणि १५० कुठला आकडा, तर माणूस किती जणांशी नातं टिकवू शकतो याचा, रॉबिन डनबार नावाच्या संशोधकाने माकडांच्या मेंदूवरून बांधलेला अंदाज. म्हणजे काकांनी मला नेऊन सोडलं ते थेट माकडांपाशी. एकट्या माणसाच्या आकड्याला तसा काही अर्थ नसतो, पुष्कळ लोकांची सरासरी काढायची असते, पण काकांनी तो आकडा जिनाभर सांगून झालाय, आता सरासरी कुणाला समजावू?

खरं डोकं फिरलं ते शेवटच्या प्रश्नाला. "ओळखीत कोणी तुरुंगात जाऊन आलंय?"

"छे, कोणी नाही."

काका खोकले. "दोन लिही."

"कोण दोन?"

"त्यांना सांगायचं असतं तर तुला कळलंच असतं."

"सर, तुम्हाला माहीत असेल तेवढंच," म्हणत तिने शून्य टाकलं. या चुकीला ते लोक ट्रान्समिशन एरर म्हणतात म्हणे, माणूस ओळखीचा पण भानगड आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही. त्यांचं बरंय, नाव दिलं की झालं. मी दोन दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरतोय.

शेवटी काल जिन्यात काकांना गाठलंच. निदान एकाचं तरी नाव सांगा म्हटलं.

"सुरेश," म्हणाले.

चारातला एक वारला. उरले तीन, त्यातला एक माझ्यासमोर पिशवी घेऊन उभा होता.